सायटन बोर्ड: मेंदूलहरींच्या स्टार्टअपला कुठवर पुरतो?

ओपनबीसीआय कंपनीचा सायटन बोर्ड, म्हणजे डोक्यावरून मेंदूच्या विद्युतलहरी टिपणारं सर्किट, घेऊन कल्पना खरी की खोटी हे तपासता येतं. त्याच्या भरवशावर गिऱ्हाइकाला वस्तू विकता येत नाही. एवढं आधी डोक्यात पक्कं असेल तर हा बोर्ड पैसे वसूल करून देतो. संभाजीनगर, लातूर, नांदेडकडे एआय लावून मेंदूलहरी वाचायचं मनावर घेतलेल्यांची गाडी कधी ना कधी या बोर्डापाशी येऊन थांबतेच, आणि त्यात चूक काही नाही.

आठकोनी, तळहातात मावणारा बोर्ड. आत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची एडीएस१२९९ चिप: आठ चॅनल (म्हणजे एकाच वेळी आठ जागांचे सिग्नल), २४ बिट, सेकंदाला २५० नमुने. गेन (सिग्नल किती पट मोठा करायचा ते) मुळातच २४ वर असतो, त्यामुळे मोजमापाची एक पायरी साधारण ०.०२२ मायक्रोव्होल्टची पडते. डोक्याच्या कातडीवर ईईजी, म्हणजे मेंदूचा विद्युत सिग्नल, मिळतो १० ते १०० मायक्रोव्होल्ट. म्हणजे मोजपट्टी हवी त्याहून बारीक आहे. घोळ होतो तो मोजपट्टीच्या अलीकडे, केसांत.

बोर्ड डेटा रेडिओने लॅपटॉपच्या यूएसबीत लावलेल्या डाँगलला पाठवतो. त्याचं गणित मात्र खरेदीआधी करून बघा. एक पॅकेट ३३ बाइटचं, सेकंदाला २५० पॅकेट, बाइटमागे दहा बिट धरले तर ८२,५०० बिट. डाँगलचा सीरियल वेग सेकंदाला १,१५,२०० बिट. म्हणजे नमुने दुप्पट करायला जागाच उरत नाही. जास्त वेग हवा तर एसडी कार्डावर लिहावं लागतं. डेझी हा जोडबोर्ड लावून सोळा चॅनल केले, की वायरलेसवर प्रत्येक चॅनलच्या वाट्याला १२५ नमुने येतात. माणसाने मनात केलेली हात हलवण्याची कल्पना ओळखायला तेवढे चालतात. पॅकेटमधला ० ते २५५ फिरणारा नमुना क्रमांक रोज तपासा: मध्ये आकडे गळाले असतील तर वायफायची गर्दी आहे किंवा डाँगल लॅपटॉपच्या आडोशाला गेलाय. यूएसबीची एक्स्टेन्शन वायर लावून तो टेबलावर मोकळा ठेवला की बराच फरक पडतो. विंडोजवर डाँगलच्या ड्रायव्हरचा लेटन्सी टायमर (डेटा पुढे देण्याआधी थांबायचा वेळ) १६ मिलिसेकंदांवर असतो, तो १ वर आणा. पी३०० (वाट पाहत असलेलं चिन्ह दिसल्यावर साधारण ३०० मिलिसेकंदांनी उठणारी लहर) सारखं काम करणार असाल तर सॉफ्टवेअरच्या वेळेवर अजिबात विसंबू नका. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक पांढरा चौकोन चमकवा, त्यावर फोटोट्रान्झिस्टर चिकटवा आणि त्याची वायर बोर्डाच्या अॅनलॉग पिनवर घ्या, म्हणजे चित्र नेमकं कधी दिसलं ते डेटातच नोंदलं जातं.

जोडणी सोपी आहे. बोर्डावरचा स्विच ‘पीसी’वर. एका कानाच्या पाळीवरचा इलेक्ट्रोड (कातडीला लावायचं धातूचं टोक) खालच्या एसआरबी२ या संदर्भ पिनला, दुसऱ्या पाळीवरचा खालच्या बायस या गोंगाट दाबणाऱ्या पिनला, बाकी आठ इलेक्ट्रोड खालच्या रांगेत. पडद्यावर चॅनल ‘रेल्ड’ दाखवत असेल तर घाबरू नका: आत येणारा व्होल्टेज १८७.५ मिलिव्होल्टच्या हद्दीला टेकलाय. कारण बहुतेक वेळा सुटलेली वायर किंवा इलेक्ट्रोडखालची कोरडी पेस्ट. तिसरं कारण पटकन लक्षात येत नाही: काही इलेक्ट्रोड सोन्याच्या मुलाम्याचे आणि काही चांदी-क्लोराइडचे असा मिश्र संच. दोन धातूंचा आपापला व्होल्टेज असतो, त्यातला फरक थेट मोजणीत शिरतो. संच एकाच धातूचा ठेवा.

आता डोकं. आपल्याकडे खोबरेल तेल ही सगळ्यात मोठी अडचण. आदल्या रात्री शाम्पूने केस धुवायला सांगा, कंडिशनर नको, सकाळी तेल नको. केसांचा भांग पाडून कातडी उघडी करा, स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, खरखरीत जेलने हलकेच घासा, मग वाटाण्याएवढी कंडक्टिव्ह पेस्ट. मेडिकलमध्ये ‘जेली द्या’ म्हटलं की सोनोग्राफीची जेली हातात येते. ती आवाजाच्या लहरींसाठी असते, क्षार नसल्यासारखेच, इथे उपयोग शून्य. ईसीजीची जेली विद्युतवाहक असते खरी, पण पातळ. ओघळून शेजारच्या इलेक्ट्रोडला मिळाली की दोन चॅनल एकच होऊन बसतात. बोर्ड स्वतः ६ नॅनोअँपिअरचा प्रवाह सोडून इम्पिडन्स (कातडी आणि इलेक्ट्रोडमधला विद्युत अडथळा) मोजतो. १० किलोओहमच्या खाली आणा. सगळे साधारण सारखे असणं त्याहून महत्त्वाचं.

जागा टेपने मोजायच्या, अंदाजाने नाही. नाकाच्या मुळापासून कवटीच्या मागच्या उंचवट्यापर्यंत ३६ सेंटिमीटर भरले तर सीझेड ही माथ्यावरची मधली जागा १८ वर. कानापासून कानापर्यंत ३४ भरले तर सी३ आणि सी४ सीझेडपासून दोन्हीकडे ६.८ सेंटिमीटरवर. ही १०-२० पद्धत १९५८ पासून चालत आली आहे. बोर्डासाठी थ्रीडी प्रिंटेड हेल्मेट वेगळं मिळतं, त्यातले कोरडे इलेक्ट्रोड जाड, लांब केसांवर नीट टेकत नाहीत आणि अर्ध्या तासात टोचायला लागतात. वायर आणि पेस्ट कटकटीची असली तरी डेटा त्यातच बरा मिळतो.

वीज हा मराठवाड्याचा स्वतंत्र धडा. सायटन बॅटरीवर चालतो आणि तो बॅटरीवरच चालवायचा. डोक्याला वायरी लावलेल्या माणसाला मेन्सशी कुठल्याही वाटेने जोडायचं नाही. तरी मेन्सचा ५० हर्ट्झचा गोंगाट हवेतून येतोच. चार्जर लावलेल्या लॅपटॉपवर माणसाने हात ठेवला की तो फुगलेला दिसतो. एप्रिल-मेमध्ये कूलरची मोटर भिंतीपलीकडे असली तरी तेवढ्या गोंगाटाला पुरते. लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टर चालू झाला आणि तो स्वस्तातला चौकोनी लहरीचा असेल तर ५० सोबत वरचे विषम पटही येतात, त्यातला १५० हर्ट्झ सेकंदाला २५० नमुन्यांत १०० वर दुमडून दिसतो. म्हणून १०० ला वेगळा नॉच (तेवढीच वारंवारता कापणारा फिल्टर) लावावा लागतो. पंखा-कूलर बंद केला तर घाम, आणि घामाने सिग्नल अर्ध्या हर्ट्झखाली सावकाश डोलायला लागतो. यावर उतारा एकच: उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत रेकॉर्डिंग उरकायचं, मोठी मोहीम दिवाळीनंतर घ्यायची.

रेकॉर्डिंग खरं आहे का हे कळायला एक मिनिट लागतं. डोक्याच्या मागे ओ१ आणि ओ२ या जागांवर इलेक्ट्रोड, ३० सेकंद डोळे उघडे, ३० सेकंद मिटलेले. मिटल्यावर १० हर्ट्झच्या आसपास उंचवटा यायला हवा. हीच अल्फा लहर. हान्स बर्गरने १९२९ मध्ये माणसाच्या ईईजीवर पहिला लेख छापला, त्यातही ती होती. काही निरोगी माणसांत ती फारशी दिसत नाही, म्हणून दोन-तीन जणांवर बघा. कुणावरच दिसली नाही तर मॉडेलला हात लावू नका, वायरी तपासा.

एआयचा भाग कागदावर सोपा. ब्रेनफ्लो या लायब्ररीने डेटा घ्या, एमएनई-पायथन या दुसरीने गाळा, ईईजीनेट हे छोटं नेटवर्क साध्या लॅपटॉपवरही शिकतं. बोर्ड कस्टममधून सुटेपर्यंत फिजिओनेट या खुल्या डेटाच्या साइटवरचा १०९ जणांचा, ६४ चॅनलचा हालचालीचा संच फुकट आहे, त्यावर सगळी पाइपलाइन उभी करून ठेवा.

फसगत होते ती मोजण्यात. दोन सेकंदांच्या खिडक्या अर्ध्या सेकंदाने सरकवत कापल्या आणि मग त्या पिसून ट्रेन-टेस्ट (शिकवायच्या आणि तपासायच्या) अशा वाटल्या, तर शेजारच्या खिडक्यांमध्ये तीन चतुर्थांश डेटा तोच. अचूकतेचा आकडा भरघोस येतो, डेमोच्या दिवशी नव्या माणसावर नाणेफेक होते. आधी माणसं वेगळी करा, मग खिडक्या कापा. दुसरा सापळा: आधी डाव्या हाताच्या सगळ्या फेऱ्या, नंतर उजव्या. मॉडेल हात शिकत नाही, पेस्ट सुकत चाललीय हे शिकतं. तिसरा: बाण स्क्रीनच्या डाव्या-उजव्या टोकाला दाखवला की डोळे तिकडे वळतात आणि कपाळाचे चॅनल ते ओरडून सांगतात. बाण मधोमध ठेवा. कुणी अचूकता सांगितली की ‘कुठल्या माणसांवर?’ एवढाच प्रश्न विचारा.

लातूरच्या क्लासेससाठी ‘पोराचं लक्ष आहे का ते दाखवणारा हेडबँड’ ही कल्पना आता नवी नाही. ती सोडून द्या. कपाळावर बीटा (एकाग्रतेची खूण मानली जाणारी लहर) म्हणून जे दिसतं त्यात भुवया आणि जबड्याच्या स्नायूंचा वाटा मोठा. दात आवळून बसलेला मुलगा एकाग्र ठरतो. वर २०२३ चा वैयक्तिक डेटा कायदा अठरा वर्षांखालच्या मुलांच्या डेटासाठी पालकांची पडताळता येणारी संमती मागतो आणि त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवायला मुळात मनाई करतो. शिक्षणसंस्थांच्या सवलती अरुंद आहेत. ‘खरंखोटं ओळखतो’ म्हणत पोलिसांकडे जायचा विचारही नको: २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात संमतीशिवायची मेंदूचाचणी नाकारली आहे.

झोप किंवा मिरगीचं निदान असा शब्द माहितीपत्रकात आला की वस्तू २०१७ च्या मेडिकल डिव्हाइस नियमांत जाते. नुसतं सॉफ्टवेअरही २०२० पासून त्यात धरलं जातं. सायटन हे वैद्यकीय उपकरण नाही, तेव्हा रुग्णांवर वापरायचा तर आधी वैद्यकीय महाविद्यालयाच्या एथिक्स कमिटीची परवानगी. पैशाचं म्हणाल तर २०२१ मध्ये सुरू झालेल्या स्टार्टअप इंडिया सीड फंडात प्रोटोटाइपसाठी २० लाखांपर्यंत अनुदानाची सोय होती, तेही इन्क्युबेटरमार्फत; ती आज चालू आहे का ते आधी विचारा. संभाजीनगरात ‘मॅजिक’ हा इन्क्युबेटर आहे, तिथे बोर्ड न नेता अल्फाचा आलेख न्या.

पर्याय थोडक्यात. म्यूझ हेडबँड घालायला झटपट, पण इलेक्ट्रोड कपाळावर आणि कानामागे. सी३-सी४ नाहीत, म्हणजे हाताच्या कल्पनेचं काम होणार नाही. भारतीय बनावटीची बायोअँप ईएक्सजी पिल एका चॅनलची, अर्डुइनो या छोट्या बोर्डावर चालते, शिकायला उत्तम. अल्फा आधी तिच्यावर काढून दाखवा, मगच डॉलरमधली ऑर्डर टाका. ऑर्डरीत इलेक्ट्रोडचा दुसरा संच धरा, वायरी इलेक्ट्रोडच्या कपाजवळ तुटतात. डाँगलला दोरी बांधा: तो बोर्डाशी जोडी लावूनच येतो, हरवला की नवा मागवून पुन्हा रेडिओ चॅनल जुळवेपर्यंत बोर्ड पेपरवेट.