कार्ड डिलीट करायला कुणाला फोन करावा लागत नाही

सासऱ्यांच्या बाबतीत जे घडलं ते त्यांच्या परवानगीने लिहितेय. "लिही, पण माझं नाव नको," म्हणाले, म्हणून इथे फक्त नाना. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त, मुक्काम कराड. व्यवहाराला एकदम चोख माणूस. ओटीपी कुणाला सांगायचा नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि शेवटपर्यंत त्यांनी तो कुणाला सांगितला नाही. तरीही ४८,६०० रुपये गेले. म्हणूनच हे लिहायला बसले.

वीजबिल आणि रिचार्जसाठी नाना एक वॉलेट अ‍ॅप वापरतात. त्यात डेबिट कार्ड सेव्ह होतं. कार्ड असं सेव्ह ठेवू नये, असं त्यांनी कुठेतरी वाचलं आणि ते काढायला बसले. अ‍ॅप काढू देईना. 'या कार्डावर ऑटो-पे (म्हणजे ठरावीक काळाने आपोआप पैसे कापले जाणं) सुरू आहे' एवढंच दाखवत होतं. ते ऑटो-पे म्हणजे सुटीत आमच्या चिरंजीवांनी आजोबांच्या कार्डावर घेतलेलं कार्टूनचं सबस्क्रिप्शन, पण हे आम्हाला नंतर कळलं. नानांनी गूगलवर अ‍ॅपचं नाव आणि पुढे 'कस्टमर केअर नंबर' असं टाकलं. सगळ्यात वर अ‍ॅपच्याच नावाने एक नोंद होती, सोबत लोगो आणि दहा आकडी मोबाइल नंबर. आता कुठली कंपनी साध्या मोबाइल नंबरवरून कस्टमर केअर चालवते? पण अडलेल्या माणसाला तेवढं सुचत नाही, आणि असे नंबर टाकून ठेवणारे नेमके अशाच माणसाची वाट बघत असतात.

फोन उचलणारा शुद्ध मराठीत बोलत होता. त्याचं पहिलं वाक्य नानांना अजून पाठ आहे: "काका, तुम्ही योग्य तेच करताय, कार्ड सेव्ह ठेवणं धोक्याचंच." मला सगळ्यात जास्त राग येतो तो या वाक्याचा. घाबरवणं नाही, लॉटरी नाही, केवायसी बंद पडेल ही धमकीही नाही. माणूस सावधपणा करायला निघालाय तर त्याच्या सावधपणाचंच कौतुक करायचं. पुढचं काम मग सोपं होतं.

त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाइल पाठवली. 'कार्ड रिमूव्हल' असं काहीतरी नाव आणि शेवटी एपीके, म्हणजे प्ले स्टोअरला वळसा घालून थेट फोनमध्ये अ‍ॅप बसवायची फाइल. फोनने इशारा दिला, तर "हा सरकारी सिक्युरिटीचा मेसेज आहे, 'तरीही इन्स्टॉल करा' वर दाबा." मग एसएमएसची परवानगी मागितली गेली, तीही दिली. उघडलेल्या पानावर वॉलेटचाच रंग, वॉलेटचाच लोगो आणि खाली फॉर्म: कार्डाचे सोळा आकडे, मुदत, मागचे तीन आकडे. "जे कार्ड काढायचं तेच टाका, नाहीतर सिस्टिमला कळणार कसं?" ऐकायला अगदी तर्कशुद्ध. नानांनी टाकलं. मग स्क्रीनवर गोल फिरायला लागलं, 'प्रक्रिया सुरू आहे, फोन बंद करू नका'. मध्येच त्याने "घरात कुणी जवळ असेल तर जरा बाजूला घ्या, गोपनीय माहिती आहे," असंही सांगून घेतलं.

ओटीपी त्याने एकदाही मागितला नाही. मागायची गरजच नव्हती. एसएमएसची परवानगी मिळाली की आलेला ओटीपी ते अ‍ॅप परस्पर वाचतं आणि पुढे पाठवतं. वर ते फोनचं मुख्य मेसेज अ‍ॅप बनून बसलं होतं, त्यामुळे पैसे कापल्याचे बँकेचे मेसेज नानांना दिसलेच नाहीत. 'ओटीपी सांगू नका' ही सूचना आपण इतकी वर्षं घोकतोय, पण चोर त्या सूचनेला केव्हाच वळसा घालून गेलेत.

कळलं ते निव्वळ नशिबाने. खातं उघडताना ई-मेल म्हणून माझ्या नवऱ्याचा पत्ता दिला होता. पुण्यात ऑफिसात बसलेल्या त्याच्या फोनवर बँकेची मेल आली: एका खरेदीच्या साइटवर २९,९०० रुपयांची गिफ्ट व्हाउचर. पाठोपाठ दुसरी: कुठल्यातरी दुसऱ्या वॉलेटमध्ये १८,७००. त्याने नानांना फोन लावला तर एंगेज. मग शेजारच्या काकूंना लावला आणि त्यांनी जाऊन नानांचा फोन अक्षरशः हातातून काढून घेतला. काकूंच्याच फोनवरून बँकेच्या नंबरला फोन लावून कार्ड ब्लॉक केलं. तेवढ्यात तिसऱ्या व्यवहाराचा प्रयत्न झाला होता, तो फेल गेला.

लगेच १९३० ला फोन केला. ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे, बँकेत जाण्याआधी हीच लावा. तिथे रक्कम, वेळ, व्यवहाराचा क्रमांक आणि बँकेचं नाव विचारतात, तेव्हा ते हाताशी असू द्या. मग सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार पूर्ण करायची. दुसऱ्या वॉलेटमध्ये गेलेले १८,७०० तिथेच गोठवले गेले. व्हाउचर मात्र तोवर वापरूनही झाली होती. आणि ते अ‍ॅप घाईने डिलीट करू नका. आधी फोनचं नेट बंद करा, दुसऱ्या मोबाइलने त्या अ‍ॅपचे, चॅटचे आणि कॉलच्या यादीचे फोटो काढा. पोलिसांनी आमच्याकडे पहिलं तेच मागितलं.

बँकेचं उत्तर अपेक्षेप्रमाणेच आलं: ओटीपी टाकून व्यवहार झाला, म्हणजे ग्राहकाचा निष्काळजीपणा. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेला नियम इथे माहीत हवा. ग्राहकाच्या चुकीने पैसे गेले तरी बँकेला कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या माथी. आणि चूक ग्राहकाची आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेचीच. म्हणून किती वाजता कळवलं ते लेखी घ्या, तक्रार क्रमांक घ्या. शाखेत "बघतो, साहेब आले की सांगतो" यावर परत येऊ नका. महिनाभरात समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. आमची तिथे आहे. गोठवलेले १८,७०० सोडवायला कोर्टात अर्जही केलाय.

आता मूळ मुद्दा, कार्ड काढायचं कसं. ज्या सेवेचं ऑटो-पे आहे तिथे जाऊन आधी ते रद्द करायचं, मग वॉलेटमध्ये कार्डावर दाबून 'रिमूव्ह'. संपलं. कार्डाचा नंबर पुन्हा टाकावा लागत नाही, कारण १ ऑक्टोबर २०२२ पासून अ‍ॅप आणि दुकानं तुमच्या कार्डाचा पूर्ण नंबर जवळ ठेवूच शकत नाहीत, त्याऐवजी टोकन, म्हणजे कार्डाच्या नंबराच्या जागी वापरायचा एक सांकेतिक क्रमांक असतो. त्यामुळे कार्ड काढण्यासाठी जो कुणी पूर्ण नंबर आणि मागचे तीन आकडे मागेल तो चोरच. अ‍ॅप अगदीच ऐकेना तर दुसरा दरवाजा बँकेचा. कोणकोणत्या ठिकाणी आपलं टोकन आहे ती यादी दाखवणं आणि त्यातलं हवं ते काढू देणं बँकांना बंधनकारक आहे. नानांच्या यादीत कधीकाळी एकदा औषधं मागवलेली साइटसुद्धा निघाली. शिवाय बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचा ऑनलाइन वापर सरळ बंद ठेवता येतो. नानांच्या नव्या कार्डावर तो बंदच आहे, एटीएमपुरतं चालतं.

मदतीचा नंबर हवाच असेल तर तो अ‍ॅपच्या आतल्या 'हेल्प'मधून घ्या, बँकेचा कार्डाच्या मागच्या बाजूवरून.

तो भामट्याचा नंबर आम्ही संचार साथी या सरकारी पोर्टलच्या 'चक्षू'वर (संशयास्पद कॉल-मेसेज कळवायची सोय) कळवला, गूगलवरची नोंदही रिपोर्ट केली. ती गेली. परवा सहज शोधलं तर त्याच लोगोखाली नवा नंबर होता. तोही रिपोर्ट केलाय, तुम्हाला दिसला तर तुम्हीही करा.