हायड्रॉलिक काढून बोल्टचा टेन्शनर बसवला: पावसाळ्यानंतरचा अनुभव

सकाळच्या पहिल्या स्टार्टला इंजिनातली टायमिंग चेन (व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर करवणारी साखळी) खळखळते, एवढ्या तक्रारीवर रत्नागिरीतील एका वर्कशॉपने मला चेन, तिला मार्गावर धरणाऱ्या दोन्ही पट्ट्या म्हणजे गाइड, आणि तिला ताणून ठेवणारा टेन्शनर असा पूर्ण संच बदलायला सांगितले. आधी टेन्शनर उघडून दाखवा, असा आग्रह मी धरला आणि त्यावरून बरीच वादावादी झाली. शेवटी तो बाहेर आला, तेव्हा आत तेल असूनही त्याचा चेनकडे रेटणारा दांडा, म्हणजे प्लंजर, अंगठ्याच्या दाबाने सरळ आत गेला. मागचे तेल अडवून धरणारी झडप बसत नव्हती, एवढाच दोष होता. चेन आणि गाइड धडधाकट होते.

कंपनीचा नवा हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा, टेन्शनर महाग वाटला, म्हणून मी ॲल्युमिनियम बॉडीचा, स्टेनलेस बोल्ट आणि तो जागेवर आवळून धरणारा चेकनट असलेला, हाताने जुळवायचा साधा मेकॅनिकल टेन्शनर बसवला. पहिले काही आठवडे मी अत्यंत समाधानी होतो. हायड्रॉलिकमध्ये गाडी उभी राहिली की तेल उतरते आणि पंपाचा दाब पोहोचेपर्यंत चेन वाजते. बोल्टला दाबाची वाटच पाहायची नसते. निवळी घाट उतरताना थ्रॉटल सोडल्यावर येणारा आवाजही थांबला.

पावसाळ्याने माझे मत बदलले. चेन सैल होत जाते आणि हा टेन्शनर स्वतःहून पुढे सरकत नाही, हे मला मान्यच होते. इंजिन थंड असताना, पिस्टन वर आणून, बोल्ट बोटांनी टेकेपर्यंत फिरवून किंचित मागे घेणे हे काम घरी होते. ही किंचित ढील आवश्यकच असते, कारण तापल्यावर ॲल्युमिनियमचा सिलिंडर स्टीलच्या चेनपेक्षा जास्त प्रसरण पावतो आणि चेन आणखी ताणली जाते. माझा खरा राग आहे तो त्या बोल्टच्या आट्यांवर. माझी गाडी मिऱ्याच्या बाजूला, समुद्राच्या वाऱ्यात उभी असते. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम एकत्र आले आणि त्यावर खारे पाणी बसले की ॲल्युमिनियम झिजते; चेकनटखाली पांढरी भुकटी साचली आणि बोल्ट असा धरला की बोटांनी फिरवण्याचा प्रश्नच उरला नाही. पान्याने फिरवावा तर चेनवर नेमका किती ताण आला हे हाताला कळत नाही, आणि जास्त ताणलेली चेन गाइड खाते. विक्रेत्याने आट्यांना ग्रीस लावण्याची सूचनासुद्धा दिलेली नव्हती, ही गोष्ट मला अक्षम्य वाटते.

मधल्या काळात जुना टेन्शनर रॉकेलमध्ये धुतला, झडपेतील काळा गाळ निघाला आणि प्लंजर पुन्हा तेल धरू लागला. म्हणून नव्या पॅकिंगसह तोच परत बसवला आहे. ऑइल वेळेवर बदलणाऱ्या आणि किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाने हायड्रॉलिकच ठेवावा; सकाळची क्षणभराची खळखळ ऑइलचा दाब येताच थांबत असेल, तर तिच्यासाठी खर्च करू नये. दाब आल्यावरही ती चालू राहिली, तरच टेन्शनर उघडावा, आणि तोही आपल्या समोर.