लेकीच्या ऑपरेशनला रेशन कार्ड कामी आलं: जन आरोग्य योजनेचा आमचा नऊ महिन्यांचा अनुभव

रेशन कार्डावर लेकीचं नावच नव्हतं. कार्ड केशरी, धान्य मिळत नाही, मग रेशनिंग ऑफिसला खेटे कशाला घालायचे, असं म्हणत चार वर्षं गेली. पुढे तिच्याच ऑपरेशनच्या वेळी त्या एका नावापायी आमचे सतरा दिवस गेले. भांडुपच्या आमच्या चाळीत जिच्या घरी लहान मूल आहे तिला मी आता आधी हेच विचारते, बाळाचं नाव कार्डावर चढवलंस का?

तिच्या हृदयाला छिद्र आहे हे अंगणवाडीत कळलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलांना तपासायला येतं. त्यातल्या डॉक्टरबाई तिच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवून बराच वेळ ऐकत राहिल्या, तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. टू-डी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट हातात पडला आणि ह्यांनी त्याच आठवड्यात एका विमा एजंटला घरी बोलावलं. हे भाड्याचा टेम्पो चालवतात, मी पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटते. एजंट म्हणाला, एवढ्या लहान मुलीची एकटीची पॉलिसी मिळणार नाही, सगळ्या कुटुंबाची फ्लोटर घ्या, वर्षाला साडेतेरा हजार. आणि फॉर्ममध्ये छिद्राचं लिहू नका. मी तिथेच नाही म्हटलं. आधीचा आजार लपवला तर ऐन वेळी क्लेम नाकारतात, भरलेला हप्ताही वाया जातो. खरं लिहिलं, तर अशा आजारासाठी कंपनी ३६ महिन्यांपर्यंत थांबायला लावू शकते. तिला तेवढा वेळ नव्हता.

महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजनेचं नाव ऐकून होते, पण ती पिवळ्या कार्डवाल्यांची, असा माझा समज. तसं नाही. केशरी कार्डाला ती आधीपासून आहे, आणि आता पांढऱ्या कार्डालाही लागू झाली आहे. आधी कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत उपचार मिळायचे, ते आता पाच लाखांपर्यंत. हप्ता एक रुपयाही नाही. मात्र योजनेत असलेल्याच हॉस्पिटलमध्ये जावं लागतं. १५५३८८ वर फोन केला की कुठली हॉस्पिटलं आहेत ते सांगतात.

हॉस्पिटलमध्ये योजनेची वेगळी खिडकी असते, तिथे आरोग्यमित्र बसतो. आमच्या आरोग्यमित्राने रेशन कार्डाचा बारा अंकी नंबर टाकला आणि म्हणाला, ताई, मुलगी यात दिसत नाही. तिथून धावपळ सुरू. आधी तिचं आधार (पाच वर्षांखालच्या मुलांना बोटांचे ठसे लागत नाहीत, आई-बापाच्या आधारवर होतं), मग जन्मदाखला घेऊन रेशनिंग ऑफिस, मग नाव ऑनलाइन दिसायची वाट. रात्री तिचा श्वास मोजत बसायचे मी. नाव चढल्यावर मात्र कागद भरभर हलले. ऑपरेशनला योजनेची पूर्वमंजुरी दुसऱ्या दिवशी आली. ऑपरेशन, आयसीयू, औषधं, तिचं जेवण, कशाचंच बिल आमच्या हातात आलं नाही.

एक गोष्ट मात्र खटकली. वॉर्डात एकदा बाहेरून इंजेक्शन आणायची चिठ्ठी मिळाली. ह्यांनी उसने पैसे घेऊन आणलंसुद्धा. ॲडमिट असताना औषधं योजनेतच धरलेली असतात, हे मला शेजारच्या खाटेवरच्या आईने सांगितलं. आरोग्यमित्राला ती चिठ्ठी दाखवली आणि फोनवर तक्रारही नोंदवली. पुन्हा चिठ्ठी आली नाही, पण ते पैसे काही परत मिळाले नाहीत. तेव्हा चिठ्ठी हातात पडली की आधी खिडकीवर जा, मेडिकलवर नंतर.

या योजनेत ताप-खोकल्याची ओपीडी धरत नाहीत, ॲडमिट व्हायच्या आधीचा इको आम्ही आमच्याच पैशाने केला. डिस्चार्जनंतर दहा दिवसांपर्यंतचं योजनेतून झालं, पुढच्या दोन इकोंचे पैसे आम्हीच भरले. साध्या आजारपणाला आम्ही महापालिकेच्या आपला दवाखान्यात जातो, तिथे तपासणी फुकट होते. माझ्या जाऊबाईंचं बरं आहे. त्यांचा पगार सोळा हजार, त्यातून ई.एस.आय.चे, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचे, महिन्याला १२० रुपये कापतात आणि मुलांची ओपीडी, औषधं, ॲडमिट होणं सगळं त्यात येतं. २१ हजारांपर्यंत पगार असेल आणि स्लिपवर ही कपात दिसत असेल, तर मुलांची नावं त्यात घातली आहेत का, ते आजच बघा. जाऊबाईंनी दोन वर्षं घातली नव्हती.

लेक आता चाळीचा जिना न थांबता चढते. पुढचा इको मार्चमध्ये आहे, त्यासाठी पोळ्यांच्या पैशातून महिन्याला तीनशे रुपये मी बाजूला काढते.