इरावती कर्वेंचं नात्यांवरचं पुस्तक: प्रत भिकार, मजकूर भारी

मानववंशशास्त्रज्ञ इरावतीबाई म्हटलं की आपल्याकडे लोक डायरेक्ट युगांतवर, म्हणजे त्यांच्या महाभारतावरच्या पुस्तकावर जातात, मीपण त्यातलीच. त्यांचं १९५३ चं इंग्रजी पुस्तक 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' कधी हातात घेतलंच नव्हतं. शेवटी ऑनलाइन रीप्रिंट मागवली. आधी तक्रार सांगते, छपाई म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स, तक्त्यांमधली बारीक अक्षरं भिंग लावून वाचावी लागतात आणि बाइंडिंग तर दुसऱ्या आठवड्यातच सुटलं.

पण आतला माल भारी आहे. बाईंनी देशाचे चार पट्टे पाडलेत, उत्तर, मध्य, दक्षिण, पूर्व, आणि लोक कोणाला काय हाक मारतात नि सोयरीक कुठे जुळवतात एवढं धरून अख्खं कुटुंब उलगडून दाखवलंय. उत्तरेत मुलगी गावाबाहेर अनोळखी घरात द्यायची, त्यामुळे माहेरची लेक आणि सासरची सून म्हणजे जणू दोन वेगळ्या बायका, इकडे मोकळी आणि तिकडे तोंडावर पदर. दक्षिणेत सख्ख्या मामाशी नाहीतर मामेभाऊ-आतेभावाशी लग्न, म्हणजे सासर आधीपासून पायाखालचं. आपण मराठी लोक मधल्या पट्ट्यात. मुलाला मामाची मुलगी चालते, आत्याची बऱ्याच जातींत नाही.

आणि इथे मला आमची आज्जी आठवली, ती सासूला आत्याबाई म्हणायची, मला वाटायचं नुसती मान द्यायची पद्धत असेल. अहो पण पोरीने आतेभावाशी लग्न केलं तर सासू म्हणजे तिची सख्खी आत्याच की! आज्जीचं लग्न काही नात्यातलं नव्हतं, तरी शब्द आपला घरात ठाण मांडून बसलेला. पुढचे दोन दिवस मी प्रत्येक काकू-मावशीकडे संशयाने बघत होते.

बर्लिनमध्ये कवट्या मोजून पीएचडी केलेली ही बाई, आणि कवटीचा वाकडेपणा (डावी-उजवी बाजू सारखी नसणं) वंशावर ठरत नाही असं खुद्द गाइडच्या मताविरुद्ध लिहून आलेली, त्यामुळे पुस्तकात आधी पुरावा मग मत. त्याचा त्रासही होतो. संस्कृत ग्रंथांतली नात्यांची नावं पानंच्या पानं येतात, मी सरळ उडवली. मधला पट्टापण कधीकधी कुठेच न बसणाऱ्यांची सोय वाटतो.

लायब्ररीत जुनी प्रत मिळाली तर तीच घ्या, रीप्रिंटच्या नादी लागू नका. सुरुवात मधल्या पट्ट्यापासून करा, आणि घरातली एखादी म्हातारी आत्या फोनवर असू द्या, दर चार पानांनी विचारावं लागतं.