मूडलमधली ‘प्रश्नोत्तर’ चर्चा आणि वर्कशॉप: काही महिने वापरल्यानंतर

ऑनलाइन शिकवणाऱ्यांना हा प्रकार पाठ असेल. आठवड्याचा प्रश्न टाकायचा, पहिला विद्यार्थी बऱ्यापैकी उत्तर लिहितो आणि मग खाली ‘सहमत’, ‘छान मांडलंस’, ‘मलाही असंच वाटतं’ यांची रांग लागते. सहभागाला गुण ठेवले तर रांग लांबते, बोलणं काही सुरू होत नाही.

मी प्राथमिक सांख्यिकी शिकवते, मूडलवर. ऑनलाइन वर्ग चालवण्याची, २००२पासून असलेली ही मुक्तस्रोत प्रणाली बहुतेक जण नोट्स चढवायला आणि चाचण्या घ्यायला वापरतात. तिच्यातल्या दोन सोयी मी गेले काही महिने नेटाने वापरतेय. त्यांच्याबद्दल लिहायचं आहे.

पहिली, चर्चेचा ‘प्रश्नोत्तर’ प्रकार. स्वतःचं उत्तर टाकल्याशिवाय इतरांची उत्तरं दिसतच नाहीत. टाकल्यावरही संपादनाची मुदत संपावी लागते. ती मुळात ३० मिनिटांची असते. म्हणजे डोकावून पाहायचं आणि आपलं उत्तर दुरुस्त करायचं, ही पळवाटही बंद. गंमत म्हणजे उत्तरं झाकून ठेवल्यावरच मुलं एकमेकांशी जास्त बोलायला लागली. आपण काहीतरी लिहून मोकळे झालोय आणि दुसऱ्याने भलतंच लिहिलंय हे दिसलं, की गप्प बसवत नाही.

अर्थात प्रश्न तसा हवा. ‘या पगारांच्या यादीत एक पगार प्रचंड मोठा आहे, सरासरी वापराल की मध्यक (पगार क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा)?’ याला सगळे ‘मध्यक’ म्हणतात आणि विषय संपतो. त्याऐवजी अर्ध्या वर्गाला कामगार संघटनेच्या बाजूने आणि अर्ध्याला व्यवस्थापनाच्या बाजूने एकेक आकडा निवडून त्याचं समर्थन करायला सांगा. यादी तीच, पण आता भांडायला कारण आहे! आणि पहिल्या दिवशी शिक्षकाने तिथे तोंड उघडू नये. बाईंचं उत्तर आलं की खेळ खलास.

दुसरी सोय वर्कशॉप, म्हणजे विद्यार्थ्यांनीच एकमेकांचं काम तपासायचं. तयारी, काम जमा करणं, तपासणी, तपासणीचं मूल्यमापन आणि समाप्ती असे पाच टप्पे. प्रत्येकाला दोन वेगळे गुण मिळतात: कामाचे आणि तपासणीचे. मुळातली विभागणी ८० आणि २० अशी आहे. दुसऱ्याचं काम नीट वाचण्यालाही गुण आहेत हे कळल्यावर वाचनाची जात बदलते.

पण हे २० गुण ठरतात कसे, ते समजून घ्या. एकाच कामाच्या सगळ्या तपासण्यांची तुलना होते आणि सरासरीच्या सर्वांत जवळची तपासणी उत्तम मानली जाते. सगळे सढळ हाताने गुण देत असतील तर एकटा काटेकोर विद्यार्थी मार खातो. दोनच तपासनीस असतील तर दोघेही सरासरीपासून सारख्याच अंतरावर, म्हणजे तुलनेला अर्थच नाही. माझ्या मते तीन हवेतच, आणि आधी नमुन्याची कामं तपासायला देणं मुळीच टाळू नये. त्याचीही सोय त्यातच आहे. गरज वाटली तर तपासणीचे गुण शिक्षकाला हाताने बदलता येतात.

तपासणीच्या निकषांची भाषा हा खरा घाम काढणारा भाग. ‘उत्तर स्पष्ट आहे का?’ असं विचारलं की ‘हो’ येतं. ‘कोणत्या वाक्याशी अडखळलात ते उतरवून द्या’ असं विचारलं की वाचल्याशिवाय सुटका नसते, आणि ज्याचं वाक्य असतं तो हमखास उत्तर द्यायला येतो.

थेट तासाला मात्र यातलं काही उपयोगी नाही. तिथे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांची पद्धत बरी: बहुपर्यायी प्रश्न, आधी प्रत्येकाचं स्वतंत्र मत, मग आपसांत चर्चा, मग पुन्हा मत. पहिल्या फेरीत ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर असतील तरच चर्चेला सोडायचं. छोट्या गटांच्या खोल्यांत नुसतं ‘चर्चा करा’ म्हणून पाठवलं तर सगळे कॅमेरे बंद करून वेळ संपायची वाट बघतात.

काही जण शेवटपर्यंत मोजकंच लिहितात. नोंदी पाहिल्या तर तेच सगळ्यांचं वाचत असतात, म्हणून मी त्यांच्या मागे लागत नाही.

वर्ग दहा-बारा जणांचाच असेल तर वर्कशॉपच्या वाटेला जाऊ नका. नावं झाकली तरी लिहिण्याच्या धाटणीवरून माणूस ओळखू येतो आणि मैत्रीखातर गुण वाटले जातात. तिथे प्रश्नोत्तर चर्चा पुरे.