साधना साप्ताहिक: अकरा महिने वापरल्यानंतर

वर्गणी संपत आली, म्हणून लिहितोय. ती मी नव्हे, सासऱ्यांनी भरली होती. फुकटच्या गोष्टीला नावं ठेवू नयेत, कबूल. पण अकरा महिन्यांत एकही अंक मला कोरा मिळाला नाही. आमच्या टपालपेट्या जिन्याखाली आहेत, कुलूप कुणाच्याच पेटीला नाही. तळमजल्यावरचे काका अंक काढतात, वाचतात आणि दोन दिवसांनी परत ठेवतात. वर पेन्सिलीने रेघा! समासात 'छान', 'असं कसं?' असले शेरेही असतात. शेवटी वैतागून साठ रुपयांचं कुलूप आणलं.

आता अंकाविषयी. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ला सुरू केलेलं साप्ताहिक, म्हणून मला वाटलं होतं की सगळं ओलसर, भाबडं, सेवा दलाच्या शिबिरासारखं असणार. पहिले दोन-तीन महिने माझं मत तेच होतं. एखादे जुने समाजवादी गेले की आठवणींची पानंच्या पानं. डावं म्हणावं तर पुरतं लालही नाही: फुले, गांधी, आंबेडकर एकाच पंगतीत, आणि बदल हवा तो लोकशाहीच्या वाटेनेच. मला हे फार सोज्वळ वाटायचं.

कुलूप घेऊन खाली गेलो तर काकांनी आधी चहा दिला, मग कपाटातून १५ ऑगस्ट १९७२चा अंक काढला. दलित पँथर या संघटनेच्या राजा ढालेंचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख त्यातलाच. दलित स्त्रीच्या विटंबनेपेक्षा राष्ट्रध्वजाच्या अवमानाला शिक्षा जास्त, या विसंगतीवर त्यांनी इतक्या जळजळीत शब्दांत लिहिलं होतं की महाराष्ट्रभर गदारोळ झाला. तेव्हा संपादक यदुनाथ थत्ते, आणि विशेषांकामागे अनिल अवचट. म्हणजे दलित पँथरचा तो संताप गुरुजींच्याच साप्ताहिकात छापून आला! मग आठवलं, दलितांना विठ्ठल मंदिर खुलं व्हावं म्हणून १९४७मध्ये पंढरपूरला उपोषणाला बसलेले तेच हे गुरुजी. भाबडेपणाचा माझा शेरा तिथेच खोडला.

पुढे आणीबाणीतही हे साप्ताहिक सरकारशी भांडलं. १९९८पासून नरेंद्र दाभोलकर संपादक होते, ते २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात त्यांचा खून होईपर्यंत. हे मला माहीत होतं, पण अंक हातात असताना ते वेगळं जाणवतं.

तरी सोज्वळपणाची तक्रार पूर्ण गेलेली नाही. आजच्या अंकांतही १९७२सारखं अंगावर येणारं काही अधूनमधून यावं असं वाटतं. काकांना हे सांगितलं, तर म्हणाले, "तुम्ही रेघा मारलेलंच नीट वाचत नाही." मग जुने अंक काढून फक्त पेन्सिलीच्या खुणा वाचल्या. शेती, पाणी, शाळा यांवरचे जे लेख मी कोरडे म्हणून उलटले होते, रेघा नेमक्या तिथेच.

नूतनीकरण करतोय. अर्धी वर्गणी काका देणार आहेत, अट एकच: अंक आधी त्यांच्याकडे. कुलूप दुकानदार परत घेत नाही. सायकलला लावलंय, पण साखळीत बसत नाही.