टोटल लॉस क्लेम: साडेतीन महिन्यांचा अनुभव

खंबाटकी घाट उतरताना ट्रकने मागून ठोकलं आणि गाडी कठड्यात गेली. आम्ही दोघं धडधाकट, गाडीचा मात्र चेंदामेंदा. वर्कशॉपचं एस्टिमेट ४,३८,०००, पॉलिसीवरची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, ५,२०,०००. दुरुस्ती आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेली की टोटल लॉस, म्हणजे गाडी दुरुस्त न करता पूर्ण नुकसान धरायचं, त्यामुळे त्यावर वाद झालाच नाही. दरवर्षी जादा पैसे भरून घेतलेलं झिरो डेप (बदललेल्या पार्ट्सचा घसारा न कापणारं कव्हर) इथे काही कामाचं नव्हतं, ते दुरुस्तीच्या क्लेमलाच लागतं.

वाद झाला तो आकड्यावर. नुकसान तपासणारा सर्व्हेअर फोनवर म्हणाला, "साहेब, मार्केटला या मॉडेलला साडेचारच्या वर कोण देत नाही. ४,४५,००० वर सही करा, आठवड्यात पैसे." कर्जाचा हप्ता चालू, वर्कशॉप रोजचे तीनशे पार्किंग लावतंय, सही करायचा मोह झाला, खोटं कशाला बोलू. रात्री पॉलिसीचं बाड काढून वाचलं. टोटल लॉसच्या वेळी आयडीव्ही हीच बाजारभाव धरायची, मधल्या महिन्यांचा घसारा पुन्हा लावायचा नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. त्या कलमाचा फोटो जोडून मेल केला आणि सर्व्हे रिपोर्टची प्रत मागितली. सहा दिवसांत ५,२०,००० मान्य. फोनवरचा माणूस आणि मेलवरचा माणूस वेगळाच असतो बहुधा.

पण खरी मेख भंगारात होती. कंपनीने एका भंगारवाल्याची १,०५,००० ची बोली दाखवली: गाडी तुम्हीच त्याला विका, आम्ही उरलेले देतो. म्हणजे ५,२०,००० मधून प्रत्येक क्लेमला कापले जाणारे सक्तीचे १,००० आणि हे १,०५,००० वजा, हातात ४,१४,०००. ऐकायला हिशोब सरळ. भंगारवाला यार्डात आला, बॉनेट उचलून पाहिलं, चेसिसपाशी वाकला आणि म्हणाला, "इंजिनला मार आहे, ८५ देतो." डिकीत आईकडून आणलेलं ज्वारीचं पोतं उंदरांनी फोडलं होतं, त्याकडे बघून वर हसला. हे वीस हजार माझ्या गळ्यात पडणार होते. मी लेखी कळवलं की एक तर गाडी तुम्ही उचला आणि पूर्ण रक्कम द्या, नाहीतर बोलीचा आकडा भंगारवाल्याकडून माझ्या खात्यात आधी जमा होऊ दे. शिवाय आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) त्याच्या नावावर होईपर्यंत किंवा रद्द होईपर्यंत कागदोपत्री मालक मीच, ती गाडी उद्या कुठे सापडली तर? पाच आठवडे टोलवाटोलवी, तक्रार निवारण अधिकाऱ्याला एक मेल, मग कंपनीने गाडी उचलली. ५,१९,००० मंजूर झाले. त्यातून कर्जाचे १,९२,००० थेट बँकेला, बाकी मला.

आता स्वतःची चूक. नूतनीकरणाला एजंटने ५,७०,००० ची आयडीव्ही दाखवली होती. प्रीमियम साडेसातशेने कमी होतो म्हणून मीच ५,२०,००० करून घेतली. कंपनीशी इतकं भांडलो, पण हे पन्नास हजार कुणाकडे मागणार?

पॉलिसीला पाचपैकी तीन तारे. पार्किंगचे अकरा हजार कंपनीने नाकारलेत. माझं म्हणणं, त्यांनी भंगाराचा घोळ घातला नसता तर गाडी तिथे इतके दिवस उभीच राहिली नसती. कंपनीचं नकाराचं पत्र हातात आहे, ते जोडून पुण्याच्या विमा लोकपालांकडे अर्ज टाकलाय. तिथे फी लागत नाही.